दोन डोक्यांचा विणकर आणि खाप्याची बाई

या अंकाचे संपादक श्रावणात घरी येऊन गेले. चहा झाला, राजधानी गेल्यापासून नागपूर कसं सुनं झालं यावर बोलून झालं, आणि उठता उठता ते म्हणाले, "मास्तर, तुमची ती खाप्याच्या बाईची गोष्ट लिहून द्या. दिवाळीत लोकांना हसायला काहीतरी हवं असतं."

ती गोष्ट आमच्या भागातल्या विणकरांच्या वस्त्यांत बहुतेकांनी ऐकलेली आहे. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाप्याला नव्या पद्धतीचा माग दाखवायला नेला. पुरुष घ्यायला तयार होते. पण एका विणकराची बायको पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "हा माग बाईशिवाय चालते म्हनता? आज माग चालवान, उद्या घर चालवान बाईशिवाय." सभा उठली, माग गाडीत चढला आणि आल्या वाटेने परत गेला.

ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली. खरी गोष्ट आज लिहितो आहे. हसू आलं तर हसावं. मलाही आता तिचं हसू येतं, आणि ते यायला मला फार वर्षं लागली.

माझी नोकरी हातमाग दाखवण्याची होती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात आजोबा कारकून, वडील कारकून. मी विणकामाच्या शाळेत गेलो तेव्हा वडिलांनी जेवताना माझ्याशी बोलणं सोडलं होतं. शिकून बाहेर पडलो तो खात्यात लागलो, आणि स्वराज्य आलं त्या सुमारास माझ्याकडे काम आलं ते झटक्याच्या मागाचं. माग बैलगाडीत घालायचा, खापा, उमरेड किंवा नागपुरातल्याच एखाद्या मोहल्ल्यात न्यायचा, देवळाच्या मंडपात उभा करायचा, चालवून दाखवायचा आणि लोकांना तो सवलतीने घ्यायला लावायचा.

हे काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. का ते कळायला जुना माग समजून घ्यावा लागेल.

जुना माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो आणि हाताने आडव्या सुताचा धोटा या बाजूने त्या बाजूला टाकतो. आमच्याकडच्या लुगड्याचं वैशिष्ट्य त्याच्या किनारीत आहे. मधल्या अंगाचा रंग वेगळा, किनारीचा वेगळा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे एका रंगाचं सूत दुसऱ्यात अडकवून घेतलेलं. ती अडकवण करवतीच्या दातांसारखी दिसते, म्हणून तिला करवती किनार म्हणतात. तिला तीन धोटे लागतात. मधला एक, उजव्या किनारीचा एक, डाव्या किनारीचा एक. विणकराचा हात डाव्या टोकापर्यंत पुरत नाही. म्हणून त्या टोकाला दुसरं माणूस बसतं आणि ओळीओळीला आपला धोटा टाकतं.

ते दुसरं माणूस म्हणजे बहुधा घरची बाई. लुगडं कोणी विणलं असं विचारलं तर नाव सांगतात ते उजव्या बाजूच्याचं.

झटक्याच्या मागाला ही दुसरी जागाच नाही. दोरी ओढली की धोटा एका पेटीतून सुटतो आणि समोरच्या पेटीत जाऊन थांबतो. काम एका माणसाचं आणि झपाट्याचं. मात्र एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे मधला रंग किनारीत शिरतो. करवती त्यावर होत नाही. या दोन्ही गोष्टी मी सभेत सांगत असे. दुसरी जरा हळू आवाजात.

नुसत्या भाषणाला विणकर बधत नसत. हाताची घडी घालून बसत आणि मागाकडे न बघता माझ्या जोड्यांकडे बघत. म्हणून मी गोष्ट सांगायला लागलो. लहानपणी घरी ऐकलेली, फार जुनी गोष्ट. एका विणकराचा माग मोडतो. लाकडासाठी तो झाडावर कुऱ्हाड उचलतो, तोच झाडातला यक्ष म्हणतो, माझं घर तोडू नकोस, हवा तो वर माग. विणकर न्हाव्याला विचारतो. न्हावी त्याचा मित्र. तो म्हणतो, राज्य माग. विणकर घरी येऊन बायकोला विचारतो. ती म्हणते, राज्य कशाला, आणखी एक डोकं आणि दोन हात माग, म्हणजे पुढेही विणशील आणि मागेही. तो तसं मागतो. दोन डोकी, चार हात घेऊन गावात शिरतो आणि लोक राक्षस समजून त्याला दगडांनी मारतात. घरी सांगत तेव्हा तात्पर्य असे, बायकोचं ऐकू नये. आमची आई हे तात्पर्य ऐकताना उठून आत जायची.

मी शेवट बदलला होता. यक्ष नको, डोकं नको, हा माग घ्या, दोन हातांत चार हातांचं काम होईल. लोक हसत, आणि हसलेला माणूस मागाला हात लावून बघतो.

गोष्ट मात्र माझ्या हातात राहत नसे. उमरेडला श्रोत्यांत एक न्हावी होता. त्याने उभं राहून विचारलं, "म्हंजे न्हाव्यानं सांगतलं तेच बराबर होतं ना जी? मंग त्याचं काहून नाई आयकलं?" पुढे तो तिथल्या माझ्या प्रत्येक सभेला येई, न्हाव्याचं वाक्य होईपर्यंत थांबे आणि समाधानाने निघून जाई. नागपुरातल्या एका मोहल्ल्यात एका म्हाताऱ्याने मला मध्येच थांबवलं. "पुढचं मले मालूम हाये. एक डोकं पान खाये, दुसरं बिडी ओढे, आन् काम मातर हातायनंच कराचं." तिथे तीच गोष्ट चालू झाली, माझी बंद पडली. बायका देवळाच्या कडेला उभ्या राहून ऐकत. त्यांची काही वेगळी गोष्ट आहे का, हे मी कधी विचारलं नाही.

खाप्याला गेलो तेव्हा तिथे महादेवराव नावाचा विणकर करवतीत सगळ्यांत सरस समजला जाई. तो घेईल ते बाकीचे घेतील, असं मला सांगण्यात आलं होतं. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो उजव्या बाजूला, त्याची बायको जनाबाई डाव्या बाजूला. पाळण्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. धोटा टाकायची आणि पाय हलवायची.

मी किनारीची तारीफ केली. महादेवराव खूश झाला. जनाबाई खाली बघूनच म्हणाली, "मास्तर, एक पुसू का जी? तुमच्या मागावर या बाजूले कोन बसते?"

"कोणी नाही. त्या मागाला ती बाजूच नसते."

तिचा हात थांबला. "आयकलं का?" हे नवऱ्याला.

"आयकलं वं. धोटा टाक."

"टाकूनच राह्यली ना, लगन झाल्यापासून." तिने एक हात पाठीमागे कमरेवर ठेवला आणि थोडी सरळ झाली. पूर्ण सरळ होता आलं नाही. "पोर रडली तं ओळ पुरी होईस्तोवर उठता नाई येत, मास्तर. आन् ओळ काई पुरी होत नाई."

महादेवराव माझ्याकडे बघून हसला. वाईट माणूस नव्हता. "देतो उद्या मागासाठी नाव. पन बायकोनं सांगतलं म्हून घेतला असं नको व्हाले. हसतीन लोक."

"कोनाच्या बी नावानं घ्या," ती म्हणाली. "माह्या नावाचं काय लोणचं घालाचं हाये?"

संध्याकाळपर्यंत तिने गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं की आपण नवऱ्याला तो माग घ्यायला लावलाय. अर्थात पुरुषांनाही कळलं होतं. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीच्या देवळात झाली. मंडप भरलेला. कडेला बायका, त्यात कडेवर मूल घेतलेली जनाबाई. माग चालवून दाखवला, लोक पुढे सरकले. मग गोष्ट सुरू केली. त्या दिवशी ती विलक्षण रंगली. यक्षाला हसले, न्हाव्याला हसले. हसणारी माणसं समोर असली की बोलणाऱ्याला आणखी हवं असतं. बायकोचं वाक्य आलं तेव्हा मी आवाज बारीक केला, आणि एक हात पाठीमागे कमरेवर ठेवून अर्धवट सरळ झालो. आदल्या दिवशी पाहिलं होतं अगदी तसं. नेहमीचा बदललेला शेवटही लावला नाही. जुनाच सांगितला, दगडांसकट.

सगळा मंडप महादेवरावाकडे वळला. मागून कोणीतरी म्हणालं, "महादेवा, दुसरं डोकं कुठी लावतं गा? समोर का मांगं?"

एवढं हसू माझ्या कुठल्याच सभेत झालं नव्हतं. महादेवराव उठला. नाव द्यायलाच उठणार होता तो. म्हणाला, "मले नाई पाह्यजे माग," आणि गेला. तो नाही म्हटल्यावर दुसरं कोण घेणार.

जनाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दूध उतू गेल्यावर चुलीकडे बघतात तसं.

नागपूरला परतलो तेव्हा साहेबांनी विचारलं, माग परत का आला. मी म्हणालो, बायका आडव्या आल्या. साहेब हसले आणि म्हणाले, "म्हणजे काय झालं नेमकं?" तेव्हा मला पुढचं रचावं लागलं. पदर खोचलेली बाई, तिचं ते वाक्य, सगळं तिथे उभ्या उभ्या तयार झालं. साहेबांना ते इतकं आवडलं की पुढच्या दौऱ्यात त्यांनी भाषणात सांगितलं. मग इतर सांगू लागले. काही ठिकाणी तर ती जुन्या गोष्टीतच जाऊन बसली; दोन डोक्यांच्या विणकराची बायको खाप्याची झाली. मीही सांगत होतो. साहेबांसमोर नाही कसं म्हणणार, असं तेव्हा वाटे. खरं तर लोक हसत, म्हणून सांगत होतो.

सांगणं बंद केलं ते उमरेडच्या एका लग्नात. खाप्याहून आलेली एक नवी सून पाणी वाढत होती. एक बाई तिला म्हणाली, "तू त्या माग पळवणारीच्या गावची का वं?" मुलगी पुढच्या पानाकडे गेली. माझ्या पानातली बुंदी तशीच राहिली. त्यानंतर ती गोष्ट मी सांगितली नाही. पण खोटी आहे असंही कोणाला सांगितलं नाही. खाप्याचा दौरा आला की सहकाऱ्याशी अदलाबदल करून घेत असे. पुढे कोणीतरी सहज बोलता बोलता म्हणालं की महादेवरावाच्या घरात आता करवती होत नाही, तो माग बंद पडला. मी पुढे विचारलं नाही. त्या घराचं वाटोळं झालं आणि ते आपण केलं, एवढं मनाशी धरून नोकरी पुरी केली.

या उन्हाळ्यात एका सकाळी माझी बायको चुलीपुढून उठताना थांबली, एक हात पाठीमागे कमरेवर ठेवला आणि अर्धवट सरळ झाली. मला बघवेना. मी तिला सगळं सांगितलं. इतकी वर्षं तीही ती गोष्ट पाहुण्यांबरोबर हसत ऐकत आली होती. ती म्हणाली, "अहो, खाप्याला जायला मोटार नाही का?"

खाप्याच्या त्या गल्लीत शिरलो तर घराघरातून झटक्याचा खटखटाट. महादेवरावाच्या घरातूनही. दारात जनाबाई दिसली. केस पांढरे झालेले, पण ताठ उभी. तिने मला लगेच ओळखलं.

"या जी मास्तर. यक्षाले बरा रस्ता सापडला."

आत झटक्याचा एक माग चालू होता, पुतण्या चालवत होता. कोपऱ्यात जुना खड्ड्याचा मागही होता, आणि त्यावर सूत चढवलेलं. मी उभ्यानेच विचारलं, तुमची करवती बंद पडली ती माझ्यामुळे ना.

"तुमच्यामुळं?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. म्हातारा महादेवराव पान लावत बसला होता. "सांगा ना यायले."

"तूच सांग. तुले मजा येते सांगाले."

"त्या दिवशी देवळातून घरी आली," ती म्हणाली, "आन् त्या बाजूले बसलीच नाई. भांडली नाई, बोलली नाई. सैपाक केला, पोरीले न्हाऊ घातलं. हे उजवीकडं बसून राह्यले, माही वाट पाहत. मंग एकट्यानंच सुरू केलं. इकडचा धोटा टाकाचा, खड्ड्यातून निघाचं, तिकडं जाऊन तिकडचा टाकाचा, फिरून खड्ड्यात."

"लोक पाहाले येत," महादेवराव म्हणाला. "तुमच्या गोष्टीले हसले नसतीन इतके मले हसले, मास्तर."

शेवटी तो गुपचूप उमरेडला गेला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. मीच बसवून दिलेल्या एका झटक्याच्या मागावर हात बसवून घेतला आणि स्वतःचा एक घेऊन आला. त्याच्यामागून अर्ध्या गल्लीनेही माग घेतले.

"करवती बंद झाली ते मी उठली म्हून," जनाबाई म्हणाली. "तुमाले किनारीचं दुःख. मले पाठीचं होतं."

मी खाली बसलो. इतकी वर्षं जे ओझं वाहिलं ते त्या घरात कोणाला माहीतही नव्हतं. मला हसू फुटलं, आणि ते आवरेना. पुतण्याने माग थांबवून पाणी आणून दिलं.

"एकच मनाले लागलं," ती पुढे म्हणाली. "लोक म्हनते, खाप्याच्या बाईनं माग पळवला. माह्यं म्हननं, पळवला नाई, आनला. कोनी आयकत नाई. ते आयकाले मजेचं हाये ना."

तेव्हा मी सांगितलं की ते वाक्य माझं, पदर माझा, सगळं मी रचलेलं. ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. महादेवराव म्हणाला, "मले वाटलंच होतं. थे बोलणं आपल्या गावचं नव्हतं."

मग ती उठली, जुन्या मागाशी गेली आणि उजव्या बाजूला, विणकराच्या जागेवर बसली. हे लुगडं ती स्वतःसाठी विणत होती. तरुणपणी दुसऱ्यांसाठी करवती टाकली, अंगाला कधी लावली नव्हती. डाव्या टोकाला महादेवराव बसायचा. "हे माह्यं दुसरं डोकं," ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली. "आज त्यायले सुटी. तुमी बसा तिथी."

मी जन्मभर माग शिकवले, पण त्या जागेवर कधी बसलो नव्हतो. शिकवणारा उजव्या बाजूला उभा राहतो. बसलो. ती धोटा टाकी, सूत अडकवून घेई, मग मी माझा टाकी. लांबून काही नाही असं वाटतं. थोड्याच वेळात कमरेत कळ आली. उठावंसं वाटलं तर ओळ अर्धी.

विणता विणता तिने मला ती गोष्ट सांगितली, तिच्या मावशीने तिला सांगितलेली. विणकर तोच, झाड तेच. फक्त पहिल्या वाक्यापासून बायको मागाच्या डाव्या बाजूला बसलेली.

"नवऱ्यानं पुसलं, काय मागू? ती बोलली, दोन हात माग, म्हंजे मले उठता येईन. डोकं नाई मागतलं तिनं. डोकं यक्षानं आपल्या मनानं लावलं. देवायले बाईचं बोलणं अर्धंच आयकू येते."

"आणि गावचे लोक त्याला मारतात ते?"

"मारतीन काहून? तो घरी आला, चार हातानं विणाले बसला आन् ती उठली. गोष्ट तिथीच सरते. पुढचं कोन्या बाहेरच्यानं लावलं." तिने ओळ ठोकून बसवली. "धोटा टाका जी."

निघताना तिला विचारलं, हे सगळं लिहिलं तर चालेल का.

"लिहा. पन आपल्या मनानं डोकं नका लावू."

तर लिहिलं. खाप्याच्या बाईने माग पळवला नाही. तिने तो सगळ्यांच्या आधी मागितला, आणि तो परत गेला तेव्हा आणवला. तिचं नाव जनाबाई. माझ्याकडून ती गोष्ट ज्यांनी ऐकली आणि पुढे सांगितली, त्यांनी यापुढे अशी सांगावी. ज्यांना करवती किनार ओळखता येते त्यांनी लुगडं हातात घेतल्यावर डावा काठही उलटून बघावा.

माझी कंबर पुढे काही दिवस धरली होती. बायकोने तेल लावून दिलं आणि म्हणाली, आता कळलं ना. यावर मला काही छान सुचलं होतं, शेवटाला शोभेलसंही होतं. पण ते डोकं माझ्या मनाचं, म्हणून लावत नाही.